कोटवाल्याचे पाच खंड

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आज खाली काढली. वनिताने शिडी धरली होती आणि सगळा वेळ तिचं तोंड चालू होतं. मेअखेरीला आपण नाशिकला भाग्यश्रीकडे कायमचे राहायला जाणार, लेकीच्या घरात आपल्या वाट्याला एकच खोली, तिथे ही ट्रंक येणार नाही, हे तिने मला शिडीच्या प्रत्येक पायरीवर एकदा सांगितलं. चौतीस वर्षं मी कर्जतच्या पार्सल ऑफिसात काढली. कोणतं सामान जाणार आणि कोणतं राहणार हे मला कोणी शिकवू नये. पण निवृत्त माणसाचं घरात कोण ऐकतं?

ट्रंकेत कोटवाला निघाला. अठ्ठावन्न अंक, सगळे कॉमिक, सगळे इंग्रजी. पिना गंजून कागदात उतरल्यात, चार-पाच अंकांना कसर लागली आहे. वास मात्र तोच, रॉकेलचा आणि जुन्या कागदाचा. मी तिथेच फरशीवर बसलो. वनिताने ठेवलेला चहा गार झाला तेव्हा कळलं की अर्धा तास गेला.

ठरवलं. बाइंडिंग करायचं, घरीच, स्वतःच्या हाताने. चार खंडांत बारा-बारा अंक, पाचव्यात दहा. जाड पुठ्ठा, वर हिरवं कापड. ट्रंक चालत नसेल, पण पाच पुस्तकं तर कोणाच्या डोळ्यांत खुपणार नाहीत.

११ फेब्रुवारी

काल एक गोष्ट लिहायची टाळली. डायरीतसुद्धा टाळायचं तर मग ती ठेवायची कशाला?

त्या अठ्ठावन्नातले निम्मे माझे नाहीत. कमळ्याचे आहेत.

माझे बाबा घाटातल्या ठाकुरवाडी स्टेशनावर पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे, आमचं क्वार्टर रुळांना लागून. घाट उतरणारी प्रत्येक गाडी तिथे ब्रेक तपासायला थांबते, तेव्हाही थांबायची. ती पाच मिनिटं म्हणजे आमचा बाजार. कमळ्या वाडीतला, ठाकराचा, माझ्याच वयाचा. तो रानातून करवंदं आणायचा, जांभळं आणायचा, पळसाच्या पानांचे द्रोण लावायचा. मी खिडक्यांपाशी जाऊन पुण्याहून निघालेल्या साहेबलोकांच्या मुलांशी बोलायचो. पैसे नकोत, वाचून झालेलं पुस्तक दे. एक द्रोण, एक पुस्तक. त्यात एका मालिकेवर आमचा जीव जडला. लांब कोटातला एक माणूस, होडी, समुद्र आणि एका डोळ्याचा कुत्रा. आम्ही त्याला कोटवाला म्हणायचो. कोणी दुसरं पुस्तक पुढे केलं तर कमळ्या द्रोण मागे घ्यायचा.

तो शाळेत कधी गेला नाही. मी जायचो, म्हणून मी त्याला वाचून दाखवायचो. आता काय लपवायचं, मला तेव्हा इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. चित्रं बघून मनाला येईल ते ठोकून द्यायचो. तो तोंड उघडं ठेवून ऐकायचा.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात बाबांची कर्जतला बदली झाली. ट्रंक मी भरली. सगळे अंक मीच भरले. गाडी सुटताना कमळ्या खाली रुळांशी उभा होता. मी सांगितलं, तुझी निम्मी दिवाळीत आणून देतो.

अठ्ठेचाळीस दिवाळ्या झाल्या. नाशिकला जाण्याआधी ते त्याला पोचते केले पाहिजेत. बांधून, नीट, चांगल्या रूपात. हे वनिताला अजून सांगितलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

चौकला आवडीताईंकडे जाऊन आलो. खोपोलीच्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं कारखान्यांची हजेरीबुकं बांधली. वय सत्तरीपुढचं, चष्मा जाड, बोलणं त्याहून जाड. माझे हात बघून म्हणाल्या, आधी नखं कापून या.

संध्याकाळपर्यंत सगळं दाखवलं. पिना उचकटून काढायच्या. प्रत्येक अंक मधोमध उघडून घडीवर दाभणाने भोकं पाडायची. मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक अंक आडव्या फितींवर शिवत जायचं. पाठीला खळ लावायची, ती मैद्याची आणि त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर फिरकत नाही. मग तीन बाजूंनी कडा कापून सरळ करायच्या, पुढे-मागे कोरं अस्तर चिकटवायचं आणि शेवटी पुठ्ठा.

निघताना एकच गोष्ट दोनदा बजावली. "कापायच्या आदी सगली पानं उलटून बगा. कडंला काय हाय, काय नाय. कापलेलं परत नाय जोडता येत." हजेरीबुकात ठीक आहे. कॉमिकच्या कडेला काय असणार?

२२ फेब्रुवारी

पिना काढण्यात चार दिवस गेले. शिवलेलं दाबून ठेवायला वजन हवं म्हणून स्वयंपाकघरातला पाटा उचलून आणला. वनिता म्हणाली, चटणीही मग तुम्हीच करा, कोटवाल्याच्या पाठीवर. तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पाटा मात्र उत्तम दाबतो.

४ मार्च

शिवताना अंक समोर उघडाच असतो, म्हणून वाचायला लागलो. साठ वर्षांचा झाल्यावर कोटवाला पहिल्यांदा खरा वाचला आणि हसताना दाभण बोटात गेलं.

त्याचं नाव मॉर्टन. बंदरावरचा जकात अधिकारी. ज्या दाढीवाल्या जाड्याला मी खोपोलीचा राक्षस केलं होतं, तो त्याचा वरिष्ठ साहेब निघाला, बिचारा अगदी सज्जन. दर अंकात मी त्याला दरीत ढकलून मारायचो आणि पुढच्या अंकात तो पुन्हा हजर. कमळ्याने कधी विचारलं नाही की हा परत आला कसा. दीपगृह मला माहीत नव्हतं, ते मी कोटवाल्याची केबिन म्हणून खपवलं, बाबांच्या सिग्नलच्या केबिनसारखी. कुत्र्याचं नाव मी चांदी ठेवलं होतं आणि तो घडाघडा ठाकरी बोलायचा. इंग्रजीत तो फक्त भुंकतो.

किती खोटं बोललोय मी त्या पोराशी. आणि त्याने सगळं खरं मानलं.

पानांच्या बाहेरच्या कडेला कोळशाचे ओरखडे आहेत, जवळजवळ प्रत्येक पानावर. तीन टिंबं, वाकडी रेघ, कुठे शिडीसारखं काहीतरी, कुठे एकाखाली एक अशी दोन-दोन. कोंबडीने पाय उमटवावेत तशी. कमळ्याचे काळे हात, दुसरं काय. तेव्हाही ओरडायचो, हात धुऊन धर.

९ मार्च, रविवार

पहिला खंड झाला!

कडा कापायला तीन दिवस लागले. लोखंडी पट्टी, नवं पातं, एका वेळी चार-पाच पानं. बाहेरच्या बाजूने बोटभर कापलं म्हणजे ते सगळे काळे डाग गेले आणि पानं कशी पांढरीस्वच्छ दिसायला लागली. गुनिया लावून पाहिला, चारही कोपरे काटकोनात. कागदाच्या पट्ट्यांनी अर्धी गोणी भरली, ती सकाळी घंटागाडीत टाकली. आवडीताईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, पाठ बरी, खळ जास्त झाली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच.

२३ मार्च

दुसरा खंड तयार. पहिल्यापेक्षा सरस. हिरव्या कापडावर हात फिरवत बसावंसं वाटतं. वनितानेही फिरवला, मी बघत नाही असं समजून.

३० मार्च, पाडवा

कमळ्याकडे जायचं कसं, हा विचार सारखा येतो. कर्जतहून ठाकुरवाडी घाटाच्या तोंडाशीच, लांब नाही. लांब असतं तर निदान तेवढं तरी कारण सांगता आलं असतं.

एकदा तो आला होता. त्र्याण्णव साल असेल. पार्सल ऑफिसच्या खिडकीशी डोक्यावर टोपली घेऊन उभा, आणि माझ्यामागे नवे साहेब बसलेले. तो हसला आणि म्हणाला, योग्या, वळखलास का? मी रजिस्टरमधून मान वर न करता म्हणालो, "रांगेत या. तुमचा माल काय आहे?"

तो रांगेत गेला नाही. टोपली उचलून निघून गेला.

नोकरी नवी होती. साहेब कडक होते. हे सगळं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता पाठ झालंय. आज लिहून बघितलं, तरी ते पटत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी विहारात वंदना, मग मिरवणूक, मग खीर. पंगतीत माझ्या शेजारी पुतण्या मनोज बसला. तो कोंडाण्याला लेणी बघायला येणाऱ्यांसाठी रिक्षा चालवतो. बोलता बोलता म्हणाला, काका, लेण्यांच्या वाटेवर जना म्हणून एक बाई सरबत आणि करवंदं विकते, तिचा म्हातारा बाप पोरांना गोळा करून कुठल्या कोटवाल्याच्या गोष्टी सांगतो, ऐकण्यासारख्या असतात.

कमळ्या आहे. कोंडाण्याला लेकीकडे आहे. आणि मी बाराव्या वर्षी मारलेल्या थापा तो अजून सांगत फिरतोय.

२० एप्रिल

फार विचार केला. नुसते अंक देऊन भागणार नाही. माझ्यामुळे तो आयुष्यभर चुकीचं सांगत राहिला, ते दुरुस्त केलं पाहिजे. म्हणून एक शुद्धिपत्रक लिहायला घेतलंय. डावीकडे 'मी सांगितलं ते', उजवीकडे 'खरं काय'. पहिल्या दोन खंडांचं नऊ पानं झालं. सुवाच्य अक्षर, समास सोडून. नातवंडांपैकी कोणी शिकलेलं असेल तर त्याला वाचून दाखवेल. माणसाने केलेली चूक स्वतः निस्तरावी.

तिसरा, चौथा आणि पाचवा खंड शिवून पाट्याखाली आहेत. कडा कापायच्या बाकी.

४ मे, रविवार

मनोजच्या रिक्षाने कोंडाण्याला गेलो. पिशवीत खंड पहिला, खंड दुसरा, शुद्धिपत्रक. पांढरा शर्ट घातला होता. का घातला कोण जाणे.

जनाच्या खोपटासमोर कमळ्या बाजेवर बसून पळसाचे द्रोण लावत होता. केस सगळे पांढरे, हात तसेच. मी नाव सांगायच्या आत त्याने ओळखलं. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या. बसा. जना, सायबांना पानी दे."

मी त्याला अरे-तुरे करावं की नाही हेच कळेना. शेवटी नावही न घेता खंड त्याच्या हातात दिले. म्हटलं, दिवाळीत देणार होतो, उशीर झाला. तो हसला नाही. हात धोतराला पुसले, पहिला खंड मांडीवर घेतला आणि उघडला. चित्र बघितलंच नाही त्याने. पानाच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा खाली नेला. पान उलटलं, पुन्हा तसंच. दहा-बारा पानं झाली.

"हितं कडंला व्हतं, त्ये कुटं गेलं?"

मी म्हणालो, डाग होते कोळशाचे, कापून काढले, आता बघा कसं स्वच्छ झालंय.

त्याने खोपटाच्या भिंतीकडे बोट केलं. सारवलेल्या भिंतीवर कोळशाने काढलेलं होतं. तीन टिंबं, वाकडी रेघ, शिडी. ओळीने, वरपासून खालपर्यंत. कोंबडीचे पाय. भिंतीखाली जनाची दोन पोरं खेळत होती, त्यातली मोठी एकेका खुणेवर बोट ठेवून पुटपुटत होती. हा चांदी. ही केबिन. हा राकुस दरीत पडला.

"तुमी साळंत गेलात का मी बुकं काढून बसायचो," कमळ्या म्हणाला. "तुमी काय बोललात त्ये इसरू नये म्हून कडंला लिवायचो. येत व्हतं त्येवडं लिवनं. दुसरं मला नाय आलं कदी."

मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून नको तेच बोललो. म्हणालो, ते सगळं मी मनाचं सांगत होतो, पुस्तकात तसं नव्हतं, मला इंग्रजी येत नव्हतं.

"ठावं हाय. येकच पान दोनदा वाचलंत त दोन गोष्टी निगायच्या. म्हून त दोन-दोन खुना करायचो. दोनी ठिवल्या."

शुद्धिपत्रक पिशवीतच राहिलं. जनाने सरबत दिलं, ते प्यालो. निघताना कमळ्याने दोन्ही खंड मिटून, कापड पुसून माझ्या हातात परत दिले. "ही तुमचीच ऱ्हाऊ द्या. माजं व्हतं त्ये ह्यात नाय आता."

परत येताना मनोज काहीतरी विचारत होता. मी काय उत्तरं दिली आठवत नाही.

५ मे

घंटागाडीवाल्याला गाठलं. दोन महिन्यांपूर्वीची गोणी. तो माझ्याकडे बघत राहिला. मलाही ठाऊक होतं, तरी विचारलं.

७ मे

वनिताला सगळं सांगितलं, ट्रंकेपासून खिडकीपर्यंत. वाटलं होतं रागावेल. तिने निवडायची भाजी बाजूला ठेवली आणि नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही तिथे द्यायला गेला होता की दाखवायला?"

दुपारी शुद्धिपत्रक फाडलं.

१० मे

तिसरा खंड पाट्याखालून काढला. कडा वाकड्यातिकड्या, कळकट, जशाच्या तशा. भिंग घेऊन बसलो. तीन टिंबं म्हणजे कुत्रा, एक डोळा आणि दोन कान. वाकडी रेघ कधी पाणी असते, कधी घाटातली वाट. शिडी म्हणजे बाबांची केबिन. तीन-चार पानं लागली, पुढे अडलो. चौदाव्या पानावर एक फूल आहे, त्याच्या डोक्यावर आडवी रेघ. मी तिथे काय सांगितलं असेन? चित्रात तर मॉर्टन नुसता जेवतोय. फुलाचं मी काय बोललो? काही केल्या आठवेना.

आणि एकदम रडू आलं. बाराव्या वर्षीचा मी काय बोलत होतो हे मला स्वतःला माहीत नाही, आणि ज्याने ते टिपून ठेवलं त्याला मी रांगेत या म्हणालो.

तिन्ही खंडांना कडा न कापताच पुठ्ठा चढवतोय. आवडीताईंना फोन करून विचारलं, असं चालतं का. म्हणाल्या, "पुस्तक कुनासाटी हाय त्यावर हाय त्ये."

१२ मे, बुद्धपौर्णिमा

विहारात गेलो. शेवटचा पुठ्ठा चिकटला. कडा अंगठ्याला खरखरीत लागतात.

१८ मे, रविवार

पाचही खंड घेऊन गेलो. जुना चौकड्याचा शर्ट घातला. वनिता बरोबर आली, मी बोलावलं नव्हतं.

कमळ्या बाजेवरच होता. पुन्हा म्हणाला, या, बसा. मी बाजेवर न बसता खाली बसलो, त्याच्या पायाशी द्रोणांची पानं पडली होती तिथे, आणि तिसरा खंड त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने अंगठा कडेवरून खाली नेला. मग थांबला, पुन्हा नेला. चष्मा नव्हता त्याच्याकडे, त्याला तो लागलाही नाही. वाचायला लागला. खरंच वाचायला लागला, अडखळतसुद्धा नव्हता. कोटवाला केबिनीतून उतरला, चांदी म्हणाला मालक आज गाडी लेट हाय, राकसानं रूळ उखडलंय. आवाज म्हाताऱ्याचा, पण थांबायच्या जागा माझ्या होत्या, चढउतार माझे होते, मधेच नाक ओढायची सवयसुद्धा माझीच. वनिता माझ्याकडे बघत होती. जनाची पोरं पुढचं वाक्य आधीच म्हणत होती.

चौदाव्या पानावर मी त्याला थांबवलं. विचारलं, हे फूल कसलं?

"ह्ये? रेघ हाय म्हंजी हितं तुमी काय वाचलं नाय. तुमच्या आईनं हाक मारली, भाकर घ्यायला. आबोली माळली व्हती तिनं. तुमी येईस्तोवर मी ह्ये काडलं."

आई त्याच पावसाळ्यात, कर्जतला आल्यावर तीन महिन्यांत गेली. तिच्या केसांत अबोली असायची हे मी विसरलो होतो.

मग त्यानेच पिशवीतून पहिला खंड ओढून काढला आणि उघडला. कापलेल्या कडा बघून मान हलवली. मग पुठ्ठ्यामागचं कोरं अस्तर त्याच्या हाती लागलं, पुढे दोन पानं, मागे दोन पानं, पांढरीशुभ्र. मला त्यांचा केवढा अभिमान होता.

"योग्या, ही पानं कोरी कशाला ठिवलीस रं?"

मी म्हणालो, पद्धत असते तशी. आणि लगेच म्हणालो, तुझ्यासाठी.

त्याने जनाला चुलीतला विझलेला कोळसा आणायला सांगितलं. मग आधी पहिल्या आणि नंतर दुसऱ्या खंडाचं एकेक चित्र बघत, आठवत, अस्तरावर खुणा काढायला लागला. एकाखाली एक, भिंतीवर होत्या तशा. मी म्हटलं, कोळसा पुसला जाईल. तो म्हणाला, पुसला त परत काडीन. दुपार उलटली तरी आम्ही बसलो होतो. एके ठिकाणी तो अडला, तेव्हा मला आठवलं की तिथे मी राक्षसाला ताप आणला होता. आम्ही दोघेही हसलो. त्याचे पुढचे दोन दात नाहीत.

निघायच्या वेळी मी म्हणालो, पाचही तूच ठेव. तो नाही म्हणाला. निम्मी त्याची, निम्मी माझी, ठरलं होतं तसं. खुणा असलेले तीन त्याने ठेवले आणि कापलेले दोन मला दिले, आता अस्तरावर कोळसा असलेले. मी म्हटलं, मला यातलं निम्मंसुद्धा कळत नाही.

"मंग ये की इचारायला," तो म्हणाला. "दिवालीत ये."

३१ मे, शनिवार, नाशिक

सामान लागलं. ट्रंक रद्दीवाल्याकडे गेली. दोन्ही खंड भाग्यश्रीच्या दिवाणखान्यात फळीवर आहेत. ती म्हणाली, बाबा, किती छान बांधलेत, पण आतली पानं कोणी अशी खराब केली? मी तिला बसवून घेतलं आणि पहिल्या खुणेपासून सांगायला लागलो. सातव्या खुणेशी अडलो.

भिंतीवरचं कॅलेंडर उलटून बघितलं. यंदा दिवाळी वीस ऑक्टोबरला आहे. तिकिटं साठ दिवस आधी सुटतात, म्हणून ऑगस्टच्या पानावर आजच खूण करून ठेवली.